नळी भिंतीकडे

कराडला परतल्यापासून भिशीतल्या बायका विचारताहेत, "काय काय पाहिलंत मानेबाई इंग्लंडात?" मी खरं तेच सांगते. स्लाऊ गावातलं एक गोदाम पाहिलं आणि लीड्समधली एक बंद पडलेली गिरणी पाहिली. राजवाडा बसमधून दिसला असावा, माझं लक्ष नव्हतं. बायका एकमेकींकडे बघतात. बघू देत. त्रेसष्ट वर्षांच्या बाईने परदेशात जाऊन देवळं आणि दुकानंच पाहिली पाहिजेत, असं कुठे लिहिलंय?

स्टॅनमोर

माझी एकुलती एक लेक मृणाल स्टॅनमोरला राहते. लंडनच्या अगदी टोकाचं उपनगर, भुयारी रेल्वे, म्हणजे ट्यूब, तिथे येऊन संपते. सकाळी सातला अख्खी गल्ली स्टेशनकडे चालायला लागते, त्यात निम्मे चेहरे आपलेच. त्यानंतर संध्याकाळपर्यंत गल्लीत मी आणि शेजाऱ्यांची मांजरं.

यजमान जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मृणाल मला लोणच्याच्या बरणीसारखी जपते. जिन्यावर "आई, रेलिंग धर", शेगडीपाशी "आई, स्लीव्ह्ज सांभाळ". एकतीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं, दंगेखोर वर्ग नुसत्या नजरेने गप्प केले, आणि आता मला जिना उतरायला शिकवणी! आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने डायनिंग टेबलवर एक फॉर्म ठेवला. पुण्याजवळ ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीचा. डॉक्टर चोवीस तास, जेवण तयार, बाथरूममध्ये घंटी.

"नुसता वाच तरी," ती म्हणाली. "सही नंतर कर."

"आणि कराडचं घर?"

"आई, तिथे तू एकटी असतेस. पडलीस आणि कोणाला कळलंच नाही तर? मला इथे झोप लागत नाही गं. लिटरली."

मला राग आला आणि वाईटही वाटलं. तिला खरंच झोप लागत नव्हती, हे मला दिसत होतं. पण घाटावरचं फिरणं, शिकवणीला येणाऱ्या चार मुली आणि माझ्या हाताने लावलेलं कुलूप सोडून मी घंटी वाजवत बसू? फॉर्म एका बाजूने छापलेला होता, मागची बाजू कोरी. पाठकोरा कागद वाया घालवायची आमच्या पिढीला सवय नाही. घडी घालून पर्समध्ये टाकला. सही केली नाही.

जावई निखिलराव नागपूरचे, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दर रविवारी एक काळी पेटी घेऊन ते गायब होत. "त्याचं खेळणं आहे ते," एवढंच मृणाल सांगायची. एका रविवारी तिचं ऑफिसचं काही निघालं. आईला घरी एकटं ठेवायचं नाही असा हुकूम होता, म्हणून निखिलरावांना मला सोबत न्यावं लागलं. पुढे जे झालं त्याला मूळ कारण मृणालच, हे मी तिला अनेकदा ऐकवलं आहे.

स्लाऊ

औद्योगिक वसाहतीत एका बाजूला टाइल्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला फ्रोझन समोसे बनवणारं युनिट, आणि मधल्या गोदामात तीसेक माणसं कमरेला पिस्तूल लावून चहा पीत उभी. मी दारातच थबकले.

"अहो आई, घाबरू नका," निखिलराव म्हणाले. "प्लॅस्टिकचे छर्रे आहेत, वाटाण्याएवढे."

इंग्लंडात सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही. शाळेतल्या मुलांवर गोळीबार झाला, त्यानंतर सरकारने बंदी घातली. कॉलिन नावाचे सत्तरीचे पंच होते, निवृत्त पोस्टमन. त्यांनी आपलं पिस्तूल तेव्हा स्वतःच्या हाताने पोलिसांना नेऊन दिलं होतं. ते मला म्हणाले, "कायदा बरोबरच होता. पण पिस्तूल गेलं म्हणून रविवार द्यायचा नव्हता." म्हणून हे लोक गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलांनी खेळतात. छर्रा प्लॅस्टिकचा, नियम मात्र खऱ्या बंदुकीचेच, त्यात तसूभर सूट नाही.

खेळ असा. प्लायवूडच्या भिंती उभ्या करतात, त्यांना खिडक्या कापतात. मागे पुठ्ठ्याची लक्ष्यं दडवलेली असतात. अशा एका मांडणीला स्टेज म्हणतात. प्रत्येकात दोन छर्रे मारायचे. मध्यावर पाच गुण, बाजूला तीन, काठावर एक. चुकला की दहा वजा, आणि मधूनच उभ्या केलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याला, म्हणजे निरपराध माणसाला लागला तरी दहा वजा. पंचांच्या हातातलं यंत्र 'बीप' वाजलं की सुरू. शेवटी एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. तो भागाकार म्हणजे तुमची लायकी. भागाकारावर चालणारा खेळ! मी खुर्ची पुढे ओढली.

नेम धरण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांना मोकळ्या हातांनी आत फिरू देतात. धट्टीकट्टी माणसं दोन बोटांचं पिस्तूल करून भिंतीभिंतीतून सरकत असतात, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मला आधी हसू फुटलं, मग कळलं की खरा सामना तिथेच होतो. कुठे थांबायचं, कुठलं लक्ष्य कुठून घ्यायचं, चालता चालता छर्रे भरलेलं मॅगझिन कधी बदलायचं. जो बीपनंतर विचार करतो तो गेला. आणखी एक पद्धत मला फार आवडली. प्रत्येकाचा डाव झाला की बाकी सगळे धावत जाऊन पुठ्ठ्यांची भोकं गोल कागदी टिकल्यांनी बुजवतात. पहिला येणाराही टिकल्या लावतो. आपल्याकडे जिंकणाऱ्याला हार घालून खुर्चीत बसवतात.

कॉलेजात एनसीसीत मी रायफल चालवली होती, पोटावर झोपून. उस्ताद म्हणायचे, पोरीचा श्वास चांगला आहे. चाळीस वर्षांनी तो श्वास छातीत हलला. मी उठले.

"आई, काय करून राहिल्या तुम्ही?" निखिलराव कुजबुजले.

"नाव नोंदवून राहिले," मी म्हटलं.

दोन रविवार कॉलिननी सुरक्षेचे धडे दिले. बोट घोड्यावर फक्त नेम धरल्यावर. आणि काहीही झालं तरी पिस्तुलाची नळी समोरच्या भिंतीकडे. ती बाजूच्या रेषेपलीकडे मागे वळली की स्पर्धेतून बाद, मग पिस्तूल रिकामं का असेना. मी मान डोलावली. त्यात काय अवघड आहे!

तिसऱ्या रविवारी क्लबची छोटी स्पर्धा होती. पहिल्याच स्टेजला मी सगळे छर्रे मध्यात घातले, कासवाच्या गतीने का होईना. मागून कॉलिननी अदबीने विचारलं, "इफ यू आर फिनिश्ड?" आता, वडीलधारं माणूस मागून काही विचारतंय आणि आपण त्याच्याकडे पाठ करून उत्तर द्यायचं, हे माझ्या आईने मला शिकवलं नव्हतं. मी वळले, हसले आणि म्हटलं, "येस सर, फिनिश्ड."

नळी त्यांच्या पोटाकडे होती.

"स्टॉप," ते हळूच म्हणाले. त्यांनी पिस्तूल रिकामं करून घेतलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, इथे निम्मे लोक एकदा तरी बाद झालेत. यादीत माझ्या नावापुढे 'डीक्यू' लागलं, म्हणजे अपात्र. बाद झालेल्याने घरी जायचं नाही, दिवसभर टिकल्या लावायच्या आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना खाऊ आणायचा, असा क्लबचा रिवाज. मी टिकल्या लावल्या. पुढच्या रविवारी डबाभर शंकरपाळे नेले. एकट्या कॉलिननी वाटीभर संपवले.

पण घरी मृणालला कळायचं ते कळलंच.

"तुला समजलंसुद्धा नाही आई, नळी कुठे आहे ते! दॅट्स एक्झॅक्टली माय पॉइंट. उद्या गॅस चालू राहिला तर तेही समजणार नाही."

हे बोलणं मला झोंबलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. मला खरंच समजलं नव्हतं.

"ऐक," मी म्हटलं. "महिन्याने लीड्सला स्पर्धा आहे. ती मी पूर्ण केली, नावापुढे डीक्यू न लागता, तर फॉर्मचा विषय बंद. पुन्हा बाद झाले, तर घरी येऊन तुझ्यासमोर सही करते."

"आई, व्हॉट इज धिस? लहान मुलांसारखी पैज?"

"हो म्हण नाही तर नाही."

ती उठली. "फाइन," म्हणाली. "पण मी बघायला येणार नाही."

महिनाभर मी स्वयंपाकघरात लाटणं समोर धरून उभी राहिले. निखिलराव मागून कधीही हाक मारत, "अहो आई, चहा?" लाटणं फ्रिजकडेच ठेवून मी फ्रिजलाच उत्तर द्यायचे, "हो, अर्धा कप." पहिल्या आठवड्यात सात वेळा वळले. मग चार वेळा. मग एकदाही नाही. मृणालने या खेळात भाग घेतला नाही. ती यायची, डबा भरायची, आणि फ्रिजशी बोलणाऱ्या आईकडे बघून जायची.

लीड्स, शनिवार

यॉर्कशरमध्ये शिरलं की माणसं तुम्हाला 'लव्ह' म्हणायला लागतात. बसचा ड्रायव्हर म्हणाला, गेस्ट हाउसची मालकीण म्हणाली. स्टॅनमोरला महिनोन्‌महिने राहून शेजारी नुसती मान हलवतात, इथे तासाभरात दोघांची मी लाडकी झाले. आमच्याकडे कुणी अनोळखी बाईला 'ताई' म्हणतं, तसंच असावं. दुपारी जेवायला यॉर्कशर पुडिंग मागवलं. पुडिंग म्हणजे गोड असणार म्हणून शेवटपर्यंत राखून ठेवलं, तर निघालं फुगून पोकळ झालेलं तिखट-मिठाविना धिरडं, आत कांद्याची ग्रेव्ही. पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून वर भुरभुरली. मालकिणीने चव घेतली आणि चटणीची पुडी ठेवून घेतली.

त्यानंतर आम्ही गिरणीत गेलो. जुनी कापडगिरणी, उंच खिडक्या, आणि हाडं गोठवणारी थंडी. उद्याच्या पाच स्टेजेस उभ्या केल्या होत्या आणि त्या पाहायला परवानगी होती. माझा हिशोब स्पष्ट होता. मी धावू शकत नाही, गुडघे वाकत नाहीत. वेळ वाचवायचा तर पायांनी नाही, डोक्याने. प्रत्येक थांबा म्हणजे माझे तीन-चार सेकंद. थांबे कमी केले की भागाकार वाढतो.

पाचव्या स्टेजला गाडी अडली. तिथे एका भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर खिडकी होती आणि तिच्या पलीकडे थोड्या अंतरावर जमिनीलगत एक लक्ष्य, शेजारी पांढरा निरपराध. सगळे खिडकीपाशी जाऊन गुडघे टेकत होते. मी गुडघे टेकले तर उठवायला दोन माणसं लागतील.

मी पर्समधून कागद काढला. मृणालचा फॉर्म. पाठकोऱ्या बाजूवर भिंत काढली, खिडकी काढली, लक्ष्य काढलं. नववीचे समरूप त्रिकोण. खिडकीच्या जवळ उभं राहिलं तर नजर तिरपी होऊन जमिनीत शिरते. जितकं मागे जाल तितकी नजर सपाट होते आणि लक्ष्य खिडकीत येतं. आणि डोळे जितके खाली असतील तितकं हे लवकर होतं. मी सुरुवातीच्या खुणेवर जाऊन उभी राहिले. लक्ष्याचा मध्य खिडकीत दिसत होता, पांढऱ्याला अजिबात न अडता.

"निखिलराव, इथे उभे राहा. काय दिसतं?"

ते सहा फूट. "फरशी दिसते, आई."

"वाका जरा."

ते वाकले. "दिसलं!" म्हणाले. माझी उंची चार फूट अकरा इंच. जन्मभर तिच्यापायी फळ्यासमोर स्टुलावर चढले. त्या गिरणीत फक्त मलाच ते लक्ष्य न हलता, न वाकता घेता येणार होतं. पाचव्या स्टेजचा माझा एक अख्खा थांबा गळाला.

लीड्स, रविवार

सकाळी सगळ्यांची पिस्तुलं खोकायला लागली. थंडीत गॅसचा जोर जातो आणि छर्रा मध्येच मान टाकतो. गॅस मॅगझिनमध्येच भरलेला असतो. माझी मॅगझिनं मी गुडघ्यांसाठी आणलेल्या कोमट पाण्याच्या रबरी पिशवीला बिलगवून शालीत गुंडाळली होती. माझं पिस्तूल ठणठणीत. दुसऱ्या स्टेजनंतर एक दाढीवाला गृहस्थ लाजत आला आणि म्हणाला, "माइंड इफ आय...?" दुपारपर्यंत माझ्या शालीत सात जणांची मॅगझिनं ऊब घेत होती.

चार स्टेजेस पार पडल्या. सावकाश, पण एकही छर्रा वाया नाही. प्रत्येक वेळी पंचांचं "इफ यू आर फिनिश्ड" आलं की मी भिंतीला सांगायचे, "येस." निखिलराव वाऱ्यासारखे धावत होते आणि निरपराधांना मारत होते.

पाचवी स्टेज. पंच जॅनेट नावाच्या बाई होत्या, गोल चेहऱ्याच्या, पहाडी आवाजाच्या. "राइट लव्ह, मेक रेडी." मी पिस्तूल भरलं, म्यानात ठेवलं. मागे दोरीपलीकडे सुरक्षेचे चष्मे लावलेली माणसं उभी होती. मी तिकडे पाहिलं नाही. या एका स्टेजवर कराडचं घर होतं.

बीप.

खुणेवरून न हलता खालच्या खिडकीतून दोन छर्रे. मागे कुणीतरी "ओह!" म्हणालं. मग डावीकडे पाच पावलं, चालताना मॅगझिन बदललं, नळी भिंतीकडे, बोट बाहेर. दुसरी खिडकी, तीन लक्ष्यं, सहा छर्रे. आता उजवीकडे शेवटचा टप्पा. तिथेच फरशीवर चिकटवलेल्या पट्टीला बूट अडला आणि उजव्या गुडघ्याने दगा दिला. मी भेलकांडले, डावा हात प्लायवूडवर आपटला.

"आई!"

निखिलरावांचा आवाज नव्हता तो. ती हाक मी तिच्या जन्मापासून ओळखते. तापात, परीक्षेच्या सकाळी, वडील गेले त्या दिवशी दवाखान्याच्या दारात, ती तशीच ओरडली होती. चाळीस वर्षांत ती हाक आली आणि मी वळले नाही, असं कधी झालेलं नाही. माझी मान निम्मी फिरलीही असेल. हात फिरला नाही. बोट बाहेर होतं. नळी भिंतीकडे होती.

मी पाय सावरले. पुढची तीन पावलं टाकली. दोन लक्ष्यं, चार छर्रे, आणि शेवटी छर्रा मारून वाजवायची लोखंडी पट्टी, ठण्‌.

"इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर."

"येस," मी भिंतीला सांगितलं. पिस्तूल रिकामं केलं, दाखवलं, म्यानात घातलं.

"रेंज इज क्लिअर," जॅनेट गरजल्या. "वेल हेल्ड, लव्ह."

मग मी वळले. दोरीपलीकडे उसन्या चष्म्यात मृणाल उभी होती, ऑफिसला जायच्या कोटात. सकाळी घरात बसवेना म्हणून पहिली गाडी पकडून आली होती. चष्म्याच्या आत सगळं ओलं झालं होतं.

"मी हाक मारली," ती म्हणाली. "तू बघितलंसुद्धा नाहीस."

"ऐकली मी."

"तू पडत होतीस आई."

"पडले का?"

पुठ्ठ्यांकडे माणसं धावत होती, तिच्या हातात मी टिकल्यांची गुंडाळी दिली. तिनेच माझ्या पुठ्ठ्यांची भोकं बुजवली. सगळी मध्यात होती, दोन सोडून.

संध्याकाळी भिंतीवर यादी लागली. तेहतीस जणांत मी एकोणतिसावी. त्या पाचव्या स्टेजला मात्र जावयांच्या वर, आणि हे मी नागपूरला विहिणबाईंना फोन करून कळवलं आहे. नावापुढे डीक्यू नव्हतं. आकडा होता.

परतीच्या गाडीत तिकिटासाठी पर्स उघडली आणि तो फॉर्म खाली पडला. मृणालने उचलला. छापील बाजू पाहून तिचा चेहरा उतरला. मग तिने तो उलटा केला.

"हे काय काढलंयस?"

मी तिला भिंत दाखवली, खिडकी दाखवली, चार फूट अकरा इंचांवरून निघालेली रेघ दाखवली. ती नववीत असताना हाच धडा मी तिला रडवून शिकवला होता. तिने रेघेवरून बोट फिरवलं, खिडकीतून पार, लक्ष्यापर्यंत.

"म्हणजे तुला वाकावंच लागलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

लंडन येईपर्यंत तो कागद तिच्या मांडीवर होता. तिने तो पुन्हा उलटा केला नाही.